सेबोमची आई कुस्ती बघते

हानबाद गावात सुनेला स्वतःचं नाव नसतं. ती ज्या गावाहून आली त्या गावाचं नाव तिला चिकटतं आणि सरणापर्यंत सुटत नाही. हादोंगहून आली ती हादोंगवाली, जिंजूहून आली ती जिंजूवाली. एकोणतीस वर्षांपूर्वी प्यो दोक-सूची बायको म्हणून मिलाग्रोस या बेटावर उतरली, तेव्हा गावाने फार डोकं चालवलं नाही. तिच्या गावाचं नाव इलोइलो. ते कुणाच्या जिभेवर बसेना. मग तिचा अख्खा देशच तिला लावून टाकला : फिलिपीनवाली. बाकीच्या सुनांच्या वाट्याला एकेक गाव आलं, हिच्या वाट्याला सात हजार बेटं. पुढे मुलगी झाली आणि ती ‘सेबोमची आई’ झाली. हे नाव मात्र तिला मनापासून आवडलं.

भाषा ती लसणाच्या वाफ्यात शिकली. शिकवणारी होती शेजारची हादोंगवाली, तेव्हा पन्नाशीची, जिभेने गावातल्या तीन सरपंचांना रडवलेली बाई. तिने धडे असे कधी दिलेच नाहीत, नुसत्या शिव्या घातल्या. सेबोमच्या आईने त्या सगळ्या पाठ केल्या आणि पाच वर्षांत व्याजासकट परत करायला लागली. लसूण घ्यायला येणारे दलाल आधी तिच्या चेहऱ्याकडे बघून भाव पाडायचे, मग तिने तोंड उघडलं की घाम पुसत वाढवायचे. फोनवर बोलताना तिला कुणी परकी समजलं असेल, तर तो माणूस बहिरा असला पाहिजे.

पण सरकारी कचेरीतल्या लोकांना फोन कशाला? त्यांना फोटो हवे असतात. त्यांनी एक लांबलचक शब्द शोधून काढला होता, ‘बहुसांस्कृतिक कुटुंब’. आधी लोक निदान ‘परकी’ म्हणून मोकळे होत. आता त्या शब्दाचा फलक झाला, फलकाखाली मंडप आला, मंडपात दर ऑक्टोबरला मेळावा आला आणि मेळाव्यात पहिल्या रांगेत मधोमध सेबोमची आई आली. ‘तुमचा पारंपरिक पोशाख घालून या,’ असं पत्र यायचं. ती या देशात जीनची पँट घालून आली होती. तसं तिने कळवलं, तर कचेरीने शहरातून भाड्याने एक झुळझुळीत पोशाख आणला. तो थायलंडचा होता. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून अकरा वर्षं त्याच पोशाखात फोटो काढले. फोटो संपला की पहिली रांग उठायची आणि परतीच्या बसमध्ये सेबोमच्या आईला मागची, चाकावरची जागा मिळायची. तिला याचा राग यायचा आणि ती तो बोलूनही दाखवायची. ऐकणारे म्हणायचे, किती गोड बोलता हो तुम्ही आमची भाषा!

मुलगी मात्र बापावर गेली. रुंद खांदे, आखूड मान आणि पाय रोवले की ट्रॅक्टरने ओढावे लागतील असे. दहाव्या वर्षी ती लसणाची पोती पाठीवर टाकून पळायची. शाळेच्या मागच्या वाळूत पोरांबरोबर कुस्ती खेळायची. कंबरेला आणि मांडीला कापडी पट्टा बांधायचा, सात्बा म्हणतात तो, एकमेकांचा पट्टा पकडायचा, आणि ज्याचा गुडघा वाळूला आधी लागेल तो हरला. पोरं तिला ‘काळी’ म्हणायची, मग वाळूत पडायची, मग म्हणायची बंद व्हायची. एकदा तिने एकाला आपटलं आणि नाचायला लागली, तर कुंपणावरून हादोंगवाली ओरडली, “ए रानडुकरा! पाडलंस ना? मग उठीव त्याला! पाठ झटक त्याची! त्याच्या पाठीला वाळू ऱ्हायली तर लाज तुझी हाय, त्याची न्हाई!”

ही रीत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला हात द्यायचा, उठवायचं, पाठीवरची वाळू झटकायची आणि मग काय तो आनंद करायचा. सेबोम ती रीत कधी विसरली नाही. पुढे ती बायकांच्या सगळ्यात वरच्या वजनात तीन वेळा अजिंक्य ठरली आणि तिन्ही वेळा समोरचीची पाठ झटकून मगच तिने हात वर केले.

हे सेबोमच्या आईला लोकांनी सांगितलं. तिने एकही कुस्ती पाहिली नव्हती.

कशी पाहणार? आपल्याकडे कुस्तीचे मोठे आखाडे तीन, आणि ठरवणाऱ्यांनी ते नेमके तीन सणांना ठेवलेत. नव्या वर्षाला सून पूर्वजांच्या पूजेसाठी पहाटेपासून धिरडी तळत असते. शरदातल्या पूजेला ती तांदळाच्या पिठाचे मोदक वळत असते. आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा दानोचा सण बरोबर त्या आठवड्यात येतो जेव्हा लसूण उपटायचा असतो, आणि तो चार दिवस राहिला तर कुजतो. सुनांनी कुस्ती बघावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. टीव्ही बाहेरच्या खोलीत, पुरुषांच्या पंगतीसमोर. एक डाव पाच सेकंदांत आटपतो. आतून ती आरडाओरडा ऐकायची, कणकेचे हात पुसत धावत यायची, तेवढ्यात कुणीतरी वाळूत पडलेलं असायचं आणि दोक-सूचे चुलते टाळ्या वाजवून पुन्हा बाटलीकडे वळलेले असायचे.

“काय झालं?” ती नवऱ्याला विचारायची.

“जिंकली,” दोक-सू म्हणायचा. तो वर्षाला साधारण दीडशे शब्द बोलतो, त्यातला एक असा खर्च व्हायचा.

मग सेबोम मोबाइलवर दाखवायची. पण निकाल माहीत असलेली कुस्ती म्हणजे गार झालेलं जेवण, पोट भरतं एवढंच. “एकदा तरी मला तुला जिंकताना बघायचंय गं,” आई म्हणायची. “माझ्या समोर. मला ठाऊक नसताना.” सेबोम म्हणायची, पुढच्या वर्षी. मग सत्ताविसाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा फाटला, आणि पुढचं वर्ष संपलं.

गुडघ्यानंतर तिला जिल्ह्याच्या विद्यापीठाने आखाड्यात कामाला ठेवलं. वर्षावर्षाच्या करारावर वाळू चाळायची, सात्बा धुवायचे, हौशी पोरींना शिकवायचं. त्याच आखाड्यात त्या हिवाळ्यात सिनेमावाले आले.

सिनेमाचं नाव ‘हसत पडा’. विद्यापीठातला मुलींचा कुस्तीसंघ बंद पडणार असतो, मग एक राजधानीतली नाजूक मुलगी येते, चार नग गोळा करते आणि सगळ्या मिळून पडत-झडत करंडक जिंकतात. त्या चार नगांत एक नग बहुसांस्कृतिक असणार होता. नाव तिचं ‘रिंगरिंग’. कुठल्या देशात मुलींची अशी नावं ठेवतात ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. सात्बा उलटा बांधायचा, तोंडावर आपटायचं आणि मोडकंतोडकं काहीतरी बोलायचं, एवढं तिचं काम. दिग्दर्शकाचं नाव मेंग. पांढऱ्या बुटांचा, सगळ्यांना ‘कुटुंब’ म्हणणारा माणूस. तो भेटेल त्याला सांगत होता की आपल्या पडद्यावर या समाजाचं खरं चित्र कधी आलंच नाही, ते मी आणणार.

विद्यापीठाने त्याच्यापुढे खरं चित्र उभं केलं. तीन वेळची अजिंक्य, आई इलोइलोची, बाप हानबादचा, वय अठ्ठावीस. सेबोमने कागदावरचे संवाद वाचून दाखवले.

मेंग हसला. “तुम्ही फार चांगलं बोलता. जरा तुमच्या आईसारखं बोलून बघा ना.”

“आईसारखं?” सेबोम म्हणाली. “लोकं पळून जातील ओ. आई माझ्यापेक्षा जोरात बोलती.”

“म्हणजे, थोडं अडखळत. गोड. प्रेक्षकांना पटलं पाहिजे. आणि चेहराही तुमचा...” त्याने मान तिरकी केली. “राग मानू नका, पण तुम्ही तितक्या वाटत नाही.”

“कितक्या?”

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण राजधानीतल्या एका दंतवैद्याची मुलगी होती. तिला नळीतलं तपकिरी मलम फासून रिंगरिंग केलं. लहानपणी काळी म्हणून चिडवलेली सेबोम मोठेपणी पुरेशी काळी निघाली नाही, याची गंमत सेबोमला तिथे आली नाही. तिला काम मिळालं ते असं, नट्यांना शिकवायचं आणि रिंगरिंगच्या जागी आपटायचं. दंतवैद्याच्या मुलीला पाठीचा त्रास होता.

तिने आईला फोनवर सांगितलं ते तुटक तुटक.

“कधी हाय?” आईने विचारलं.

“जानेवारीत. पण तू येऊ नगंस.”

“का? लसूण जमिनीत हाय, सण न्हाई, सासू देवाघरी गेली. पयल्यांदा मोकळी हाय मी.”

“आई, मी पडणार हाय नुसती. जिंकायची न्हाई मी त्यात.”

“एकदा पण न्हाई?”

“सात्बा धुवायचेत,” म्हणून सेबोमने फोन ठेवला. आईला वाटलं, पोरगी लाजते. ती पहाटेच्या बसने गेलीच. डब्यात शेवाळाच्या पापडात गुंडाळलेला भात, किमबाप, आणि पिशवीत गुडघ्याचं तेल.

दारातच एका पोरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, यादीवर खूण केली आणि तिच्या हातात एक झुळझुळीत पोशाख दिला. प्रेक्षकांत ‘बहुसांस्कृतिक माता’ असं एक बाक होतं. त्यावर आधीच तीन बायका होत्या. दोघी व्हिएतनामच्या, एक उझबेकिस्तानची, आणि तिघींच्या अंगावर तोच पोशाख. सेबोमच्या आईने कापड बोटांत धरून पाहिलं.

“ह्यो थायलंडचा हाय,” ती म्हणाली. “ह्याला मी वळखते. अकरा वर्सं घातलाय.”

उझबेक बाई म्हणाली, “मी तर शाळेत गणित शिकवते. आज सुट्टी टाकून आलेय. मला म्हणाले, रडवेलं तोंड करून झेंडा हलवा.”

“कुठला झेंडा?”

“यायचाय म्हणे.”

मग सेबोम पडायला लागली. डोक्यावर रिंगरिंगसारखा केसांचा टोप, तोंड कॅमेऱ्याच्या उलट. कुणीतरी ‘चला’ म्हणायचं, ती आपटायची. वाळू फार उडाली म्हणून पुन्हा. वाळू कमी उडाली म्हणून पुन्हा. पाय जास्त विनोदी हवेत म्हणून पुन्हा. जिने डोंगराएवढ्या बायका उचलून टाकल्या होत्या, तिला मो हारिम नावाची नायिका दोन बोटांनी ढकलत होती आणि ती अंग फेकून देत होती. दर वेळी उठताना ती उजवा गुडघा हाताने सरळ करत होती. ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं, बाकावरून दिसत होतं. आईने झेंडा हलवायचा होता. तिने तो मांडीखाली दाबून ठेवला होता.

बाराव्या वेळी हारिमने ढकललं, सेबोम पडली, आणि हारिम तिच्या पायावरून उडी मारून कॅमेऱ्याकडे धावत गेली, हात वर करून, किंचाळत. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. सेबोम वाळूत पालथी, तिच्या पाठीवर, मानेवर वाळू, आणि पन्नास माणसांतला एकही जण हात द्यायला पुढे झाला नाही. कारण कागदावर तसं लिहिलं नव्हतं.

सेबोमची आई उठली. बाकावरून खाली आली. आखाड्याच्या कडेला बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि अनवाणी वाळूत गेली. लेकीला काखेत हात घालून उभं केलं. टोप काढून फेकला. मग तिची पाठ झटकली, खांदे, मान, कंबर, गुडघे, सावकाश, एक कण राहू न देता. आणि मग वळली.

“कोण शिकवलं गं तुला?” ती हारिमला म्हणाली. “कुस्ती ऱ्हाऊ दे, ती तुला ह्या जन्मात येत न्हाई. पण पाडलेल्याला हात देत्यात एवढं तरी घरात शिकवलं न्हाई का? आणि तुमी ओ, पांढऱ्या बुटांचे! वाळूत बूट घालून हुबं ऱ्हाताय! इथं पोरी गुडघं फोडत्यात. तुमच्या आईच्या चुलीपाशी कुणी बूट घालून हुबं ऱ्हायलं तर चालंल का? पन्नास माणसं हायसा, आणि एकाला पाठ झटकाय येत न्हाई? सिनेमा काढाय आलेत! आधी माणसागत वागाय शिका, मग काढा!”

 मेंगने हळूच बूट काढले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. “कट,” तो कुजबुजला. “हे खरं होतं. हेच तर मी शोधत होतो. चालू होता ना कॅमेरा?”

कॅमेरा चालू होता.

मग तो तिच्याजवळ आला, दोन्ही हातांत तिचा हात घेतला. “आई, अप्रतिम. फक्त हे एकदा परत म्हणाल? थोडं हळू, आणि... तुम्ही सुरुवातीला इथे आलात तेव्हा जसं बोलत होता ना, तसं. नाहीतर लोकांना तुम्ही हानबादच्या वाटाल.”

“मी हानबादचीच हाय,” ती म्हणाली.

तिने परत म्हटलं नाही. तेव्हा तिला अगदी आदराने, जेवणाचा डबा हातात देऊन, गाडीत घालून गावी पाठवलं. चित्रीकरण अजून चार दिवस चाललं. सेबोमला एका कागदावर सही करायला लावली. इथे काय काय झालं ते कुणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगायचं नाही. सांगितलं तर विद्यापीठाशी असलेला करारही विसरायचा. सेबोमने सही केली आणि आईला खरंच काही सांगितलं नाही.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या सभागृहात सिनेमाचा पहिला खेळ झाला. हानबादने बस केली. फिलिपीनवाली सिनेमात आहे म्हटल्यावर कोण घरी बसणार? दोक-सू लग्नातला कोट घालून आला. हादोंगवाली अठ्ठ्याहत्तरीची, गुडघ्यांनी केव्हाच राम म्हटलेला, तरी पुढच्या सीटवर बसून सगळा रस्ता बोलत होती.

“काय दिवे लावलेस ते बघाय चाललोय,” ती सेबोमच्या आईला म्हणाली. “त्वांड तरी धुतलं हुतंस का तिथं?”

“तुमच्यासारखं एका गालाला पावडर एका गालाला माती असं न्हवतं माझं, आजीबाई.”

“बघा, बघा! जीभ बघा हिची! मीच शिकवली ही जीभ, आणि माझ्यावरच!”

सभागृहात पहिल्या तीन रांगा पाहुण्यांच्या, गाव मागे. सेबोम रंगमंचाच्या कडेला उभी होती, स्वयंसेवकांचं जाकीट घालून, पाहुण्यांना द्यायचे गुच्छ सांभाळत.

सिनेमा सुरू झाला. लोक हसले. रिंगरिंगने सात्बा डोक्याला बांधला, हसले. तिखट खाऊन उड्या मारल्या, हसले. ती पडली की फार हसले. सेबोमची आई हसली नाही. पडद्यावर पाठमोरी पडणारी ती तिची होती, आणि उठल्यावर वळून दात दाखवणारी दंतवैद्याची.

मग बाकावरून एक बाई उठली. झुळझुळीत पोशाख, जोडून ठेवलेले बूट. गावाने एकमेकांना कोपरं मारली. ती वाळूत आली, लेकीची पाठ झटकली. मागून काढलेलं, त्यामुळे लेक कोण ते कळत नव्हतं. मग ती वळली आणि तिने तोंड उघडलं. आतून भलताच आवाज आला. बारीक, नाकातला, रडका. “तुम्ही... वाईट माणूस नाही... माझा मुलगी... पडला... मी... धन्यवाद.” आणि वाकून नमस्कार. तो नमस्कार म्हणजे ती बूट काढायला वाकली होती, तोच तुकडा उचलून मागे जोडलेला.

पुढच्या रांगा आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. सेबोमच्या आईने स्वतःचं तोंड चाचपलं. एकोणतीस वर्षं लसणात, बाजारात, स्मशानात, पंगतीत घासून घासून कमावलेली जीभ कुणीतरी तोंडातून उपटून नेली होती, आणि तिच्या जागी हे मांजराचं पिल्लू बसवलं होतं. तिला ओरडायचं होतं, पण खरंच शब्द सापडेना. शिकल्यापासून पहिल्यांदा ती या भाषेत मुकी झाली.

तेव्हा शेजारी काठी आपटली.

“ए!” हादोंगवाली उभी राहिली होती. “कोण बोलतंय ते? ही आमची न्हवं! आमची फिलिपीनवाली असं कुत्र्याच्या पिलागत कुईकुई करत न्हाई! हिनं तीन दलाल पळवून लावलेत! माझ्या नवऱ्याच्या मयताला हिनं भटजीला धारेवर धरलं हुतं! धन्यवाद म्हणं! एकोणतीस वर्सांत मला एकदा धन्यवाद म्हणाली न्हाई ही! आवाज द्या परत तिचा! चोर मेले!”

“बसा आजी,” कुणीतरी पुढून म्हणालं.

“तूच बस!” मागच्या चार रांगा एकदम ओरडल्या. जिंजूवाली उभी राहिली. दोक-सूही उभा राहिला. त्याच्या बाबतीत हे भाषणच होतं. सेबोमच्या आईने हादोंगवालीचा हात धरून तिला खाली बसवलं.  या म्हातारीने तिला आयुष्यभर घालून पाडून बोललं होतं, आणि आता तीच तिच्यासाठी रडत होती.

पडद्यावर गोष्ट पुढे गेली. संघात कुणाला घ्यायचं ते ठरवायला नायिका आणि रिंगरिंग यांचीच कुस्ती लागली. नायिकेचा चेहरा आला, घामेजलेला, गोरा. मग पाठ आली. दोघींचे हात एकमेकींच्या पट्ट्यांवर. आणि नायिकेने डावी टाच वाळूत फिरवून खोल रोवली.

सेबोमची आई पुढे सरकली.

ती टाच तिला माहीत होती. पोतं उचलण्याआधी शेताच्या ओल्या मातीत तशी टाच फिरवायला तिनेच शिकवलं होतं, नाहीतर पाय सरकतो. नायिकेने हनुवटी छातीला टेकवली. खांदा खाली गेला. उजवा गुडघा अर्धाच वाकला, कारण पुरा वाकत नव्हता. आणि मग ती उठली, समोर टोप घालून उभ्या केलेल्या कुणा दुसरीला घेऊन, मुळासकट लसूण उपटावा तशी, आणि हवेतच वळवून वाळूवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. पुढच्या क्षणी पडद्यावर मो हारिमचा चेहरा किंचाळत होता.

सेबोमच्या आईच्या तोंडून मोठा हुंदका फुटला. जिंकली. तिच्या डोळ्यांसमोर, निकाल माहीत नसताना, कणकेचे हात नसताना, तिची लेक जिंकली. इतकं सुख तिला एकदम पेललं नाही. आणि त्याच श्वासात तिला कळलं की गुडघा फाटलेल्या पोरीकडून हा डाव तिला घरी पाठवल्यावर करून घेतला असणार, आणि त्यावर दुसरीचं तोंड चिकटवलं. सुख आणि संताप एकमेकांत असे मिसळले की कुठलं पाणी कशाचं तेही सांगता आलं नसतं.

दिवे लागले. मेंग रंगमंचावर आला, हारिमला हाताला धरून. हिने सहा महिने घाम गाळला, एकूण एक डाव हिने स्वतः मारलाय, त्याने सांगितलं. टाळ्या. मग तो म्हणाला की या सिनेमाचा आत्मा मात्र आज इथेच, मागच्या रांगेत बसला आहे. “आई, या! संकोच नको. तुमच्या शब्दांत दोन वाक्यं बोला. चुकलं तरी चालेल.”

कॅमेरे वळले. ती चालत गेली. पुन्हा पहिल्या रांगेसमोर, मधोमध. मेंगने खाली उतरून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ध्वनिवर्धक तिच्या तोंडाशी धरला. कडेला सेबोम गुच्छ घट्ट धरून मान हलवत होती, नको, नको.

आईने तो हात खांद्यावरून काढला, शेंगदाण्याचं टरफल काढावं तसा.

“सिनेमा बघितला,” ती म्हणाली. तिचाच आवाज, रुंद, खरखरीत, शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. मागे हादोंगवालीने समाधानाने खाकरलं. “पडणारी माझी पोरगी हाय. बारा येळा पडली, मी मोजलंय. आणि ही जी जिंकली ना, पाठमोरी, डावी टाच फिरवून, ती बी माझीच पोरगी हाय. आईला पोरीची टाच वळखू येती ओ. पडणारी माझी, पाडणारी माझी. शिव्या घातल्या त्या माझ्या, त्या तुमी पुसल्या. मग साहेब, ह्यात तुमचं काय हुतं? त्ये तपकिरी मलम?”

रंगमंचावर हारिम एक पाऊल मागे सरकली. मेंग हसला, पुढच्या रांगेकडे बघून पुन्हा हसला, पण कुणी साथ दिली नाही. वार्ताहर एकदम उठले. कुणीतरी विचारलं, “हे खरं आहे का? कोण मुलगी?” आणि मागून चाळीस माणसांनी बोटं दाखवली.

सेबोमने गुच्छ टेबलावर ठेवले. जाकीट काढलं, घडी करून गुच्छांशेजारी ठेवलं. रंगमंचाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून, गुडघा सांभाळत उतरली आणि आईजवळ आली. 

“आई, काय केलंस गं हे? कागदावर सही हाय माझी.”

“तुझी हाय,” आई म्हणाली. “माझी कुणी घेतली?”